गाडी सिमल्यात, नाव दिल्लीत

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून माझी नाशिकहून सिमल्यास तीन वर्षांसाठी बदली झाली आहे. पत्नी, शाळकरी वयाची दोन मुले आणि आई असे आम्ही पाचजण तेथे राहणार. हिवाळ्यातील बर्फाचा विचार करून मोठी, फोर-बाय-फोर गाडी घ्यावी असे मनात आहे. दिल्लीच्या एका डीलरकडे 2017 ची डिझेल फॉर्च्युनर फोर-बाय-फोर असून तिची किंमत नाशिकच्या मानाने पुष्कळच कमी आहे. तो म्हणतो की, मूळ मालकाच्या सह्या घेतलेल्या आहेत, एनओसी दोन-चार महिन्यांत येईल, दिल्लीचा नंबर परराज्यात बारा महिने चालतो आणि विम्याचे आठ महिने शिल्लक असल्याने तोही खर्च वाचेल. मी 50,000 रुपये विसार दिला आहे. फॉर्च्युनर घ्यावी, एंडेव्हर पाहावी, की नवी स्कॉर्पिओ-एन घ्यावी? मोठे टायर व पुढे लोखंडी गार्ड बसवावे काय? आईला हृदयविकार असून तिला रात्री-अपरात्री इस्पितळात न्यावे लागते. तरी योग्य मार्गदर्शन व्हावे.

— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे, आणि ते आपण प्रश्नचिन्हाशिवाय लिहिले आहे. जानेवारीच्या एखाद्या रात्री, वीज गेलेली व रस्ता गोठलेला असताना, आईला इस्पितळात वेळेवर पोहोचविता येईल किंवा नाही, ही आपली खरी विवंचना होय. आणि मनुष्यस्वभावास अनुसरून आपण तिचे रूपांतर एका खरेदीत केले आहे, कारण विवंचना सुटत नाही तेव्हा निदान खरेदी करता येते. माझे प्रथम सांगणे असे की, गाडी ठरविण्यापूर्वी घर ठरवा. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापासून जवळ, ज्या रस्त्यावरील बर्फ आधी हटविले जाते अशा मुख्य रस्त्यास लागून, आणि ज्याच्या दारापर्यंत वाहन येते असे घर भाड्याने घ्या, मग त्याला दरमहा पाच हजार रुपये अधिक पडले तरी हरकत नाही. सिमल्यातील कित्येक घरे रस्त्यापासून पन्नास-शंभर पायऱ्या वर किंवा खाली असतात, आणि त्या पायऱ्यांवर कोणतीही फोर-बाय-फोर चढत नाही. शिवाय 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तेथेही आहे, आणि तिचा चालक त्या उतारांवर रोज वावरलेला असतो.

आता गाडीविषयी. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी बर्फातून निघते, चढ चढते, रुतली तर सुटते. थांबविण्याच्या कामी मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतातच, आणि थांबणे अवलंबून असते ते टायरच्या रबरावर. आपल्याकडचे सर्वसाधारण टायर उष्ण रस्त्यांसाठी बनविलेले असल्याने कडाक्याच्या थंडीत ते कठीण पडतात व त्यांची पकड जाते. अडीच टन वजनाची गाडी उतारावर घसरू लागली म्हणजे ते वजनच आपल्याविरुद्ध काम करते. सबब चाकांना लावायच्या साखळ्यांची योग्य मापाची जोडी गाडीत असावी आणि ती अंगणात, कोरड्या दिवशी, एकदा तरी स्वतःच्या हाताने लावून पाहिलेली असावी.

दुसरे असे की, फॉर्च्युनरमधील फोर-बाय-फोर ही गरजेपुरती जोडण्याची व्यवस्था आहे; कोरड्या डांबरावर ती जोडून वळणे घेतल्यास गतिवाहक यंत्रणेवर ताण येतो. ढली ते कुफ्री आणि पुढे नारकंड्यापर्यंतच्या रस्त्यावर उन्हाचा भाग कोरडा आणि देवदारांच्या सावलीतला भाग काचेसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाचा, असा प्रकार दर वळणावर बदलतो; तेथे केव्हा जोडावे व केव्हा सोडावे हे चालवणाऱ्यास कळले पाहिजे, आणि ही गाडी आपल्याइतकीच आपल्या पत्नीही चालवणार असतील तर दोघांनीही ते शिकले पाहिजे. गाडीच्या लांबी-रुंदीचाही विचार करा. सिमल्यातील काही रस्ते वाहनांना बंद किंवा परवान्यापुरतेच खुले आहेत, आणि वाहनतळाची जागा तेथे घराइतकीच दुर्मिळ आहे.

एंडेव्हर गाडी म्हणून उत्तम होती. परंतु फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याचे सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केले आहे, आणि डोंगरात सुट्या भागांची वाट पाहण्याची हौस आपणांस असेल असे वाटत नाही. आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवीलच म्हणून सांगतो : डिझेल सफारीत शक्ती पुढच्या दोनच चाकांना जाते, आणि जिम्नी चौघांची गाडी आहे, आपण पाच आहात. लोखंडी गार्ड व मोठे टायर यांचा नाद सोडा. गार्डाविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना लिहिले आहे, आणि मूळ रचनेत केलेला फेरफार विमा कंपनीच्या हाती आयते कोलीत देतो.

हे सारे गौण होय. ज्या गोष्टीने भल्या भल्या, सुशिक्षित, हिशेबी माणसांना बुडताना मी पाहिले आहे ती आपल्या पत्रात डीलरच्या तोंडी आलेली आहे आणि आपण ती सवलत म्हणून उतरवून घेतली आहे. ‘सह्या आहेत, नाव मागाहून होईल, विमा चालू आहे’ ही ती तीन वाक्ये.

प्रथम किंमत कमी का, ते पाहू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिल्ली व आसपासच्या प्रदेशात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली, आणि पुढील आदेशांनी तिची धार कमीअधिक होत राहिली असली तरी दिल्लीकर मालकाच्या मनातील धास्ती गेलेली नाही. दहाव्या वर्षाकडे झुकलेली डिझेल गाडी तो मिळेल त्या किमतीस काढून टाकतो. हा व्यवहार बेकायदा नव्हे. ती गाडी रीतसर परराज्यात नेता येते. परंतु ‘रीतसर’ या शब्दात सगळा मामला आहे, आणि डीलरची घाई नेमकी तो शब्द गाळण्यासाठी असते.

बारा महिन्यांविषयी तो जे सांगतो ते अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच असत्याहून घातक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 47 मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे खरा. मात्र तो एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात ठेवले असता नवा नोंदणी क्रमांक केव्हा घ्यावा याविषयीचा आहे. मालकी बदलल्याची खबर देण्याची मुदत कलम 50 मध्ये आहे, आणि ती खरेदीदारास 30 दिवसांची आहे. क्रमांकाची मुदत दाखवून नावाची मुदत झाकण्याची ही युक्ती इतकी जुनी आहे की तिला बळी पडणाऱ्यांत मी वकीलही पाहिले आहेत.

आता विमा. कलम 157 अन्वये वाहन विकले गेले असता विम्याचे प्रमाणपत्र खरेदीदाराच्या नावे आपोआप गेले असे मानले जाते, हे डीलरला ठाऊक असते व तो तेवढेच सांगतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कम्प्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या खटल्यात स्पष्ट केले आहे की, हे आपोआप जाणे त्रयस्थ व्यक्तीस द्यावयाच्या भरपाईपुरतेच होय. खुद्द वाहनाच्या नुकसानीचा विमा हा विमा कंपनी व विमाधारक यांच्यातील स्वतंत्र करार असून तो नव्या मालकास तसा मिळत नाही. त्याच कलमात खरेदीदाराने 14 दिवसांच्या आत कंपनीकडे बदलासाठी अर्ज करावा असे सांगितले आहे. तो अर्ज न करता आपली फॉर्च्युनर कुफ्रीच्या वळणावरून खाली गेली, तर पाहणीस आलेला सर्व्हेयर फोटो काढील, कागद मागेल, विमापत्रावरील नाव व चालवणाऱ्याचे नाव ताडून पाहील, आणि काही आठवड्यांनी दावा नाकारल्याचे पत्र येईल, ज्यावर करावयाचे असे फारसे काही उरत नाही.

याहून गंभीर बाब पुढेच आहे, आणि ती विचारताना मला अद्याप कोणीही आढळला नाही. मालकास स्वतः वाहन चालविताना अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास मिळणारे 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे नोंदणीकृत मालकासाठी असते. नोंदणी, विमापत्र आणि चालक ही तिन्ही नावे एक असावी लागतात. आपली गाडी, आपला पैसा, आपला हात चाकावर, आणि कागदोपत्री मालक दिल्लीतील एक अपरिचित इसम : अशा स्थितीत घरच्यांनी त्या रकमेची आशा धरू नये. मोठी गाडी कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी घेत आहात ना? मग हा हिशेब तिच्या उंचीच्या आधी करावयास हवा.

मूळ मालकाची बाजूही ध्यानात घ्या, कारण तिचा उलटा परिणाम आपणांवरच होतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गाडी हातोहात कितीही फिरली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव तोच भरपाईस जबाबदार, असे म्हटले आहे. शहाणा विक्रेता हे ऐकून घाबरतो, आणि नाव बदलले जात नाही असे दिसताच परिवहन कार्यालयाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार देतो. मग सिमल्याच्या नाक्यावर गाडी अडविली जाते व आपल्यापाशी असतो शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील करारनामा. विक्रेता शहाणा नसेल तर गोष्ट अधिकच बिघडते. त्याचे कर्ज थकलेले असेल, चलने तुंबलेली असतील, किंवा तो मृत्यू पावलेला असून मालकी बदलाच्या 29 व 30 क्रमांकांच्या नमुन्यांवरील त्या बहुमोल सह्या वारसांनी केलेल्या असतील. गाडीवर बोजा असेल तर वित्तसंस्थेच्या संमतीवाचून नाहरकत दाखला, म्हणजेच एनओसी, निघत नाही, आणि दाखल्यावाचून सिमल्याचे परिवहन कार्यालय आपला अर्ज हाती धरणार नाही. ‘दोन-चार महिन्यांत येईल’ असे ज्या दाखल्याविषयी सांगितले जाते तो आज का आलेला नाही, हा साधा प्रश्न आपण डीलरला केला होता काय?

सबब, ती गाडी घ्यावयाचीच असेल तर क्रम उलटा करा. ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर तिची नोंद काढून बोजा, विमा, चलने व प्रतिबंधाचा शेरा पाहा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यास परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करावी लागते. ते अधिकारपत्र व ती नोंद दाखविण्यास सांगा, आणि टाळाटाळ झाली तर तेथेच उठा. कर्ज असल्यास फेडीचा दाखला व 35 क्रमांकाचा नमुना, आणि सिमल्याच्या कार्यालयाच्या नावे काढलेला 28 क्रमांकाचा नाहरकत दाखला हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. ताबा घ्याल त्याच दिवशी स्वतःच्या नावे नवे विमापत्र घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचा आहे, आपला नाही. हिमाचलचा रस्ता कर वेगळा भरावा लागेल, तो दिल्लीच्या स्वस्ताईतून आजच वजा करून पाहा. हे सारे करून जी किंमत उरते ती नाशिकच्या किमतीहून फार कमी नसते, असाच माझा अनुभव आहे.

माझे मत विचाराल तर डिझेल स्कॉर्पिओ-एन फोर-बाय-फोर नवी घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हींवरील कराचा एकूण भार 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला आहे, आणि नवी फॉर्च्युनर फोर-बाय-फोर जेथे चाळीस लाखांच्या घरात जाते तेथे हिची किंमत आपल्या पगाराशी अधिक सुसंगत आहे. दहा लाखांवरील खरेदीवर 1 टक्का प्राप्तिकर उगमापाशी गोळा होतो. तो विवरणपत्रात परत मागता येतो हे बँकेतल्या माणसास सांगणे नको, तरीही बरेचजण विसरतात. आपली नोकरी बदलीची असल्याने बीएच मालिकेतील नोंदणी घ्या. 2021 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत कर दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो, दर 20 लाखांवरील गाडीस 12 टक्के व डिझेल असल्यास त्यावर आणखी 2 टक्के असा धरला जातो, आणि तीन वर्षांनी सिमल्याहून दुसरीकडे बदली झाली तर नाहरकत दाखल्याची ही सगळी यातायात पुन्हा करावी लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा : नव्या डिझेल गाड्यांतील काजळी पकडणारी गाळणी घर ते बँक अशा तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांनी तुंबते, तेव्हा आठवड्यातून एकदा गाडी सोलनकडे मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवीत जा.

राहिला विसार. डीलरला आजच लेखी कळवा की नाहरकत दाखला येईपर्यंत व्यवहार स्थगित आहे, आणि ठराविक मुदतीत तो न आल्यास रक्कम परत हवी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची प्रत ठेवा. फोनवरील आश्वासनांना किंमत देऊ नका. तो कुरकुर करील, ग्राहक आयोगाचे नाव काढल्यावर थोडा नरमेल, आणि बहुधा निम्मी रक्कम देऊ करील. पूर्ण मागा, पण निम्मीच मिळत असेल तर तीही घ्या, पावतीवर सही करा आणि नाशिकला परत या.