बाजूचा फोटो

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

परवा ताईकडच्या मुंजीत तुझ्याबरोबरचा एक मुलगा भेटला. कौतुकानंच सांगत होता, ‘काका, केदार मोडलेल्या खुब्यात पंचवीस मिनिटांत नेल घालून मोकळा होतो. लॅटरल फोटो बघायलासुद्धा थांबत नाही.’ पुढे जेवण माझ्या घशाखाली उतरलं नाही. खरं आहे का रे हे?

नेल हाड जुळवत नाही, केदार. तू जुळवशील तसं ते धरून ठेवतो, वाकडं तर वाकडंच. पाय ताणून, वळवून मोडलेलं हाड जागेवर आल्याशिवाय रीमर हातात घ्यायचा नाही. मोड खुब्याच्या खाली असेल तर वरच्या तुकड्याला स्नायू वर आणि बाहेर ओढतात, नुसत्या ट्रॅक्शननं तो ऐकत नाही. तेव्हा छोटा छेद देऊन क्लॅम्प लाव. त्यात कसला कमीपणा?

आणि लॅटरल! स्क्रूच्या टोकापासून हेडच्या शेंड्यापर्यंतचं अंतर समोरून आणि बाजूनं मोजायचं, बेरीज २५ मिलिमीटरच्या आत ठेवायची, हे बॉमगार्टनर या सर्जननं १९९५ मध्ये दाखवून दिलं. बाजूचा फोटो पाहिलाच नाहीस तर बेरीज कशाची करणार?

इतका चिडलोय, कारण मीही एकदा असाच थांबलो नव्हतो. संध्याकाळची शेवटची केस, सत्तरीची भाजीवाली. एक्स-रेचा सी-आर्म बाजूच्या फोटोसाठी पुन्हा फिरवायचा कंटाळा केला आणि ‘चालेल’ म्हणालो. दीड महिन्यानं स्क्रू हेड फोडून बाहेर आला होता. फोटो उजेडाला धरून मी उभा, आणि ती मलाच विचारत होती, ‘डाक्टर, माझं काय चुकलं?’ मी तिला खरं सांगितलं नाही. दुसरं ऑपरेशन केलं, पण भिंत सोडून ती पुन्हा चालली नाही.

आक्काआजीचा खुबा मोडला होता, ते तुला ठाऊकच आहे. पायाला वजन बांधून तीन महिने माजघरात पडून होती. तुझी आई तेव्हा शाळेत. आम्ही दोघं तिला कुशीवर वळवायचो, पाठीच्या जखमा धुवायचो. ती उठलीच नाही. तेच हाड आज तू बांधतोस आणि म्हातारी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहते. दर वेळी मला आक्का उभी राहिल्यासारखी वाटते.

रागावलो, मनात ठेवू नकोस. तुझा हात चांगला आहे, मी पाहिलाय. रात्रपाळीनंतर जेवत नाहीस असं आई म्हणत होती. शिशाचा एप्रन घालून कंबर दुखत असेल, जरा शेकत जा. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं पाठवतोय, गुरुवारी पोचेल.

कधी टेबलावर अडलास, फोटो मनासारखा येत नसला, तर मला फोन कर. रात्री दोन वाजलेले असले तरी कर. फोन उशाशीच असतो.

तुझा,
आप्पामामा