घोड्याची त्वचा व वरून लावण्याचीं औषधें

घोडा बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंच्या तबेल्यांत खुंटीस खरारा व फडताळांत एखादी मलमाची डबी बहुधा असते. पैकीं खरारा रोज हातीं घ्यावा व डबी प्रसंगींच उघडावी, असें आम्हांस सांगावयाचें आहे. पुष्कळ ठिकाणीं मात्र याच्या उलट चालतें. कोठें केस गेलेले दिसले कीं हाताशीं असेल तें तेल चोपडावयाचें, बैलांवर फवारलेलें औषध घोड्यावरही फवारावयाचें, आणि गुण आला नाहीं म्हणजे दैवास दोष द्यावयाचा! ही चाल कधीं कधीं जनावराच्या जिवावर बेतते.

प्रथम नित्यक्रम पाहूं. घोड्याच्या त्वचेंतून एक स्निग्ध द्रव्य स्वभावतःच स्रवतें व पावसापासून अंगाचें रक्षण करितें. खराऱ्यानें मळ व मेलेले केस सुटतात; मागून मऊ ब्रश फिरविला असतां हें द्रव्य सर्व अंगभर पसरतें. रोज साबण लावल्यास तें धुऊन जातें. सबब घामानें भिजलेला घोडा नुसत्या पाण्यानें धुवावा, पाणी निथळून काढावें व अंग वाळूं द्यावें. घाम खोगिराखालीं सुकला म्हणजे त्यांतील क्षार कातडीवर घासला जाऊन पाठ लागते. अशा पाठीवर मलम लावून पुन्हां खोगीर चढविणें व्यर्थ आहे. जखम भरेपर्यंत स्वारी बंद ठेवणें व खोगीर कोठें रुततें तें तपासणें, हाच खरा उपचार होय.

पावसाळ्यांत पाठीवर अगर पायांच्या खालच्या भागीं खपल्या धरतात व त्यांबरोबर केसांचे झुबके कुंचल्याप्रमाणें उपटून येतात. सतत ओलीनें मऊ पडलेल्या त्वचेंत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा हा उपद्रव असतो. येथें तेलाचा थर दिल्यास ओल आंतच कोंडते व विकार बळावतो. घोडा कोरड्या जागीं बांधावा. सैल झालेल्या खपल्याच तेवढ्या हलक्या हातानें काढाव्या. शेंकडा २ ते ४ क्लोरहेक्सिडीन असलेल्या द्रवानें तो भाग धुवावा, सुमारें १० मिनिटें तसाच ठेवून स्वच्छ पाण्यानें धुवावा व पूर्ण कोरडा करावा. द्रव डोळ्यांत जाऊं देऊं नये. ज्यांच्या नाकपुडीची कातडी गुलाबी आहे, अशा घोड्यांस उन्हाळ्यांत तेथें जस्ताचें मलम लावल्यास उन्हाचा दाह टळतो. कोणतेंही नवें औषध प्रथम लहानशा जागीं लावून एक दिवस वाट पाहावी.

आतां दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्याच्या. पहिली गोचिडांच्या औषधाची. गाईबैलांकरितां वापरण्यांत येणारें अमिट्राझ नांवाचें औषध घोड्यास कदापि लावूं नये. त्यानें आंतड्यांची हालचाल मंदावते, लीद कोंडते व प्राणघातक पोटशूळ उठूं शकतो. याकरितां बाटलीवरील द्रव्याचें नांव वाचल्यावांचून फवारणी करूं नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पायांवर अगर अंगावर ओळीनें गांठी उठून त्या फुटत असतील व चिकट पिवळसर स्राव येत असेल, तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसांसही होतो व जीवघेणा ठरतो. तेथें उघड्या हातानें मलम चोळणारा स्वतःचाच प्राण संकटांत घालतो. घोडा ताबडतोब वेगळा बांधावा व पशुवैद्यास बोलवावें. २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वयें अशा रोगाची वर्दी ग्रामपंचायतीस अगर गांवच्या अधिकाऱ्यास देणें मालकावर बंधनकारक आहे. सारंगखेड्यासारख्या यात्रेंतून नवा घोडा आणल्यास कांहीं आठवडे तो इतरांपासून दूर ठेवावा व त्याचा खरारा, झूल आणि बादली निराळी असावी.

सारांश, अंग स्वच्छ, मग कोरडें, मग रोगाची ओळख, आणि शेवटीं औषध, हा क्रम मोडूं नये. खराऱ्याच्या वेळीं रोज सर्वांगावरून हात फिरविणाऱ्या मालकास विकार आरंभींच कळतो. आणि आरंभीं कळलेल्या विकारास बहुधा थोडेंच औषध पुरतें.