मामा, त्या आजींना विचारू या ना!



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

ज्ञान हवं असेल तर भगवंत अर्जुनाला इथे तीन गोष्टी सांगतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे वाकणं, पुन्हा पुन्हा विचारणं आणि झिजणं. ज्यांनी तत्त्व पाहिलंय, ते मग शिकवतील. श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. अर्थ मात्र गेल्या रविवारी एका बागेत कळला.

सध्या मी ताईकडे आलोय, मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावी. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला लेटरबॉक्सिंगचं वेड आहे. पोस्टाची पेटी नव्हे हं! कुणीतरी एक छोटा डबा लपवून ठेवतं, त्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. शोधायच्या खुणा कोड्यासारख्या लिहिलेल्या असतात. डबा सापडला की आपला शिक्का त्यांच्या वहीत मारायचा, त्यांचा आपल्या वहीत, आणि डबा होता तसा परत लपवायचा. बक्षीस काही नाही. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने येणाऱ्यांच्या कार्डांसाठी एक बाटली ठेवली, तिथून हे सुरू झालं. अमेरिकेत याची लाट आली १९९८ नंतर.

आमची पहिली खूण होती: जुन्या पंपाकडे पाठ करून उभे राहा. तिथून तीन बर्च झाडं, मग ओकच्या दिशेने चाळीस पावलं.

पंप काही सापडेना. मी मोबाईलवर नकाशा उघडला, बागेला तीन चकरा मारल्या, शेवटी म्हटलं, "खूणच चुकीची आहे."

भाची म्हणाली, "मामा, त्या आजींना विचारू या ना!"

बाकावर एक आजी बसल्या होत्या. मी म्हटलं, "नको गं, आपण शोधू." ती ऐकतेय कुठे! पळत गेली आणि विचारून आली. फुलझाडांच्या वाफ्यात एक हिरवा लोखंडी दांडा होता, तोच पंप. मी त्याच्या शेजारून तीनदा गेलो होतो.

खरं सांगू? मला विचारायची लाज वाटली होती. आणि ती फक्त त्या दिवसापुरती नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेलीये. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यातले २१ मी ताईच्या घरात "मीटिंग आहे" म्हणत लॅपटॉपसमोर बसून घालवले. भाओजी याच क्षेत्रातले, पण त्यांना एक शब्द बोललो नव्हतो.

पुढच्या खुणा भराभर जुळल्या. डबा ओकच्या बुंध्यात, दगडाआड होता. उभं राहून दिसतच नव्हता, गुडघे टेकावे लागले. हा प्रणिपात! आजींना विचारणं हा परिप्रश्न. आणि सेवा? झाकण ओलं होतं. भाचीने ते रुमालाने नीट पुसलं, शिक्के मारून डबा घट्ट लावला, दगड आणि पानं जागच्या जागी ठेवली. म्हणाली, "पुढच्यांची वही भिजायला नको."

ज्ञानेश्वर माउली याच श्लोकावर बोलताना सेवेला ज्ञानाच्या घराचा दारवंठा, म्हणजे उंबरठा, म्हणतात. दार कुठे आहे हे मी गुगलवर शोधत होतो आणि उंबरठ्यापाशी वाकायला तयार नव्हतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी ताई-भाओजींना सगळं सांगितलं. ताई आधी रागावली, "एवढे दिवस एकटाच कुढत होतास?" मग रडली. भाओजींनी त्याच रात्री माझा रेझ्युमे उघडला आणि अर्ध्याहून जास्त खोडला! नोकरी अजून मिळालेली नाही. ३५ दिवस उरलेत. पण आता ते मी एकटा मोजत नाहीये.

आज एवढंच करून पाहा: जो प्रश्न तुम्ही बरेच दिवस गिळून बसलाय, तो एका जाणत्या माणसाला विचारा. उत्तर कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावरच बसलेलं असेल.

राम कृष्ण हरी!