हॉस्पिटलचं बिल कार्डावर टाकू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. रश्मीस,


अमेय आता घरात हिंडू-फिरू लागला हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण काल ताईचा पुण्याहून फोन आला. ती म्हणाली की त्याच्या ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनचं सगळं बिल क्रेडिट कार्डावर टाकून मोकळं व्हायचं तुम्ही ठरवलंय. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घराचं कर्ज मंजूर व्हायच्या आत कुणाचं देणं दिसायला नको, म्हणून. रश्मी, तेवढं करू नकोस. हे पत्र त्यासाठीच आहे. अमेयलाही वाचायला दे.

तुमची घाई मला कळते. आपल्याकडे पेशंटला घरी सोडायच्या आधी काउंटरवर हिशेब चुकता करावा लागतो, त्यामुळे देणं मागे ठेवून घरी येणं आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. इथे पेशंट घरी येतो, टाके सुकतात, आणि मग महिना-दोन महिने कागद येत राहतात. हॉस्पिटलचा वेगळा, सर्जनचा वेगळा, भूल देणाऱ्या डॉक्टरचा वेगळा. इतकी वर्षं मी बिलिंगमध्ये काम करतेय. पहिल्या बिलावरचा आकडा शेवटपर्यंत तोच राहिला असं फार कमी वेळा होतं. इन्शुरन्सकडे एखादा कोड चुकीचा गेला, की नाकारलेली रक्कम सरळ पेशंटच्या नावावर येते.

आता मुद्द्याचं सांगते. हॉस्पिटल सहसा स्वतःहून क्रेडिट ब्युरोला काही कळवत नाही. बिल थकलं, कलेक्शनवाल्यांकडे गेलं आणि त्यांनी कळवलं, तरच ते क्रेडिट रिपोर्टवर येतं. त्यातही इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंनी २०२२ पासून आपणहून ठरवलंय की कलेक्शनला गेलेलं दवाखान्याचं देणं वर्षभर रिपोर्टवर घ्यायचं नाही आणि फेडलेलं असेल तर काढून टाकायचं. २०२३ च्या एप्रिलपासून ५०० डॉलरच्या आतलं देणंही ते दाखवत नाहीत. कार्डाचं तसं नाही. त्यावरची बाकी बँक दर महिन्याला कळवते. कार्डाची मर्यादा किती वापरली यावर क्रेडिट स्कोअर हलतो, आणि कर्ज देणारे त्याचा मासिक हप्ता तुमच्या उत्पन्नासमोर मांडतात. म्हणजे जे देणं आज कुठेच दिसत नाही, ते तुम्ही स्वतःच्या हाताने रिपोर्टवर आणणार. शिवाय एकदा कार्डावर गेलं की ते आजारपणाचं देणं राहत नाही. ते अपघाताचं, बाळंतपणाचं की टीव्हीचं, हे कुणी विचारत नाही. दवाखान्याच्या बिलाला असलेलं सगळं संरक्षण तिथेच संपतं.

हे संरक्षण कायम राहील असंही धरून चालू नकोस. आजारपणाची माहिती कर्ज देताना वापरू नये, असं अमेरिकेच्या काँग्रेसने २००३ मध्येच कायद्यात घातलं होतं. नंतर नियम करणाऱ्यांनी त्याला पळवाट ठेवली: देण्याची रक्कम ही आर्थिक माहिती, म्हणून ती चालेल. ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी असलेल्या संघराज्य सरकारच्या ब्युरोने ती पळवाट बुजवणारा नियम या वर्षी जानेवारीत केला. सुमारे दीड कोटी माणसांच्या रिपोर्टवरून ४९ अब्ज डॉलरचं देणं त्याने पुसलं गेलं असतं. तो नियम लागूच झाला नाही. सरकार बदललं, ब्युरोनेच त्याची बाजू सोडली, आणि ११ जुलैला तुमच्याच टेक्सासमधल्या संघराज्य न्यायालयाने तो रद्द केला. ब्युरोला तेवढा अधिकार नाही, असं न्यायाधीश म्हणाले. न्यू जर्सीत २०२४ चा कायदा आहे, इथे दवाखान्याचं देणं क्रेडिट ब्युरोला कळवायलाच बंदी आहे. टेक्सासात तसा सरसकट कायदा नाही. आणि गेल्या महिन्यात त्या सरकारी ब्युरोने असं मत जाहीर केलं की अशा राज्यांच्या कायद्यांवर संघराज्याच्या कायद्याचीच सत्ता चालते.

बँकवाले म्हणतात, उसने द्यायचे तर माणसाचं सगळं देणं आम्हाला दिसायला हवं. ऐकायला रास्त वाटतं. पण माणूस पुढे कर्ज फेडेल की नाही, हे दवाखान्याच्या थकबाकीवरून नीट कळत नाही, असं त्याच सरकारी ब्युरोच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. आणि मी ज्या टेबलावर बसते तिथून तर मला स्वच्छ दिसतं: थकलेल्या बिलांतली कितीतरी बिलं इन्शुरन्स आणि हॉस्पिटल यांच्या आपसातल्या वादाची असतात. त्याचा डाग पोट धरून रात्री इमर्जन्सीत आलेल्या माणसावर का? खरेदी माणूस ठरवून करतो. ॲपेंडिक्स कुणी ठरवून सुजवून घेत नाही. हा अन्याय आहे, आणि तो नियमाने दूर व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तोवर तुम्ही काय करायचं? इन्शुरन्सकडून आधी जो कागद येतो, ज्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं, तो जपून ठेव. हॉस्पिटलला फोन करून बाबवार बिल मागव आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळ. एकच तपासणी दोनदा लावलेली सापडणं मुळीच नवलाचं नाही. इन्शुरन्सने काही नाकारलं असेल तर अपील कर, त्याला साधारण १८० दिवस मिळतात. हॉस्पिटल नेटवर्कमधलं आणि भूल देणारा डॉक्टर बाहेरचा असेल, तर २०२२ पासूनच्या कायद्याप्रमाणे त्याला जादा पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यात येत नाही, तिच्याशी वेगळं बोलावं लागेल.

हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांना बिलात सवलत देण्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. पहिले १२० दिवस ते क्रेडिट ब्युरोला कळवणं, कोर्टात जाणं असलं काही करू शकत नाहीत. ‘आपण काय गरीब आहोत का’ असं म्हणून अर्ज टाळू नकोस. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी असते आणि पुष्कळदा वाटते त्यापेक्षा बरीच वर असते. व्हिसावर आहोत म्हणून मिळणार नाही, हेही परस्पर ठरवू नकोस, विचार. उरलेल्या रकमेचे बिनव्याजी हप्ते माग आणि कबूल झालेलं लेखी घे. काउंटरवरची मुलगी दवाखान्याचं खास कार्ड पुढे करेल, ते घेऊ नकोस. त्यातल्या पुष्कळ कार्डांवर ठरल्या मुदतीत पूर्ण पैसे फिटले नाहीत, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं.

मी देणं बुडवायला सांगत नाहीये. जे खरोखर आपलं निघेल ते पै न् पै द्यायचं. कर्जाच्या अर्जात देण्यांबद्दल विचारलं असेल तर हे बिलही खरं खरं लिही, आणि ते इन्शुरन्सकडे अडकलं असेल तर तसं लोन ऑफिसरला कागद दाखवून सांग. तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट सरकारमान्य वेबसाइटवर दर आठवड्याला फुकट बघता येतात. घराच्या सह्या होईपर्यंत बघत राहा.

ताईशी मी बोलते, तिची समजूत घालायचं काम माझं. तू आलेल्या सगळ्या कागदांचे फोटो मला पाठव, तारखा दिसतील असे. रविवारी सकाळी तुमच्या नऊ वाजता फोन करते, तेव्हा दोघंही कागद घेऊन बसा. अमेयला जड काही उचलू देऊ नकोस.

तुझी,
मावशी