शाईचा थेंब, कारवीचे फूल आणि मधमाशी

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता जेथे कुंभार्ली घाट चढू लागतो, तेथे पायथ्याशी पोफळी हे गाव आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून येथे खाली येते. १९६२ साली येथील भूमिगत वीजगृहात वीजनिर्मिती सुरू झाली. जनित्रे फिरवून झाल्यावर हे पाणी वाशिष्ठी नदीला मिळते. कोसळत्या पाण्याच्या या गावात बसून मी आज तुम्हांला एका लहानशा थेंबाची गोष्ट सांगणार आहे.

सुटीत आमच्या शेजारची सातवीतील मुलगी अल्कोहोल शाईने चित्रे काढू लागली. मे महिन्यात तिने कारवीचे जांभळे फूल आणि त्यावर बसलेली सातेरी मधमाशी रंगवली. चित्र सुरेख झाले. जुलैत शाळेच्या प्रदर्शनासाठी तेच चित्र मोठे काढायला ती बसली, तेव्हा मात्र फुलावर पांढुरके डाग पडले आणि माशीचे काळे पट्टे फुटून इकडेतिकडे पसरले. एकामागून एक चार चित्रे वाया गेली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, शाई तीच, हात तोच, मग माशी का फुटली? मला चित्रकला येतच नाही का?"

हा प्रश्न चित्रकलेचा नव्हता, पदार्थविज्ञानाचा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हां दोघांना जे कळले, ते तुम्हीही करून पाहा.

साहित्य

अल्कोहोल शाई म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेले रंजक. येथे द्रावक म्हणून बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. निळी, जांभळी, पिवळी आणि काळी अशा चार बाटल्या पुरेत. शिवाय ९९ टक्के शुद्धतेचे थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक ड्रॉपर, बारीक कुंचला, काडीला गुंडाळलेला कापूस आणि रंग न शोषणारा पृष्ठभाग हवा. यासाठी पॉलिप्रोपिलीनचा खास कागद मिळतो. पण सरावाला पांढऱ्या प्लास्टिक फाइलचे आवरण चालते. साधा कागद घेऊ नका. तो शाई पिऊन टाकतो आणि सगळी गंमत तेथेच संपते.

दोन थेंबांची तुलना

रंगवण्यापूर्वी एक प्रयोग करा. ड्रॉपरने १ मिलिलिटर पाण्याचे थेंब मोजा. ते २० च्या आसपास भरतील. आता ड्रॉपर कोरडा करून १ मिलिलिटर अल्कोहोलाचे थेंब मोजा. ते दुपटीहून अधिक भरतील. असे का? थेंबाला ड्रॉपरच्या टोकाशी धरून ठेवतो तो पृष्ठताण. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलाचा केवळ २२ च्या आसपास. धरून ठेवणारे बळ कमी, म्हणून थेंब लवकर सुटतो आणि लहान असतो.

आता दोहोंचा एकेक थेंब प्लास्टिकवर टाका. पाणी मण्यासारखे गोळा होऊन बसते, अल्कोहोल मात्र झरझर पसरते. ज्यांचा पृष्ठताण साधारणपणे ३० मिलिन्यूटनांहून कमी आहे, असेच द्रव पॉलिप्रोपिलीनवर नीट पसरतात. अल्कोहोल या रेषेच्या अलीकडे आहे आणि पाणी बरेच पलीकडे. आपल्या चित्राचे सारे यशापयश या एका रेषेवर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवा.

पसरलेला थर किती पातळ असतो? १ मिलिलिटरात ५० थेंब धरले, तर एका थेंबाचे आकारमान ०.०२ घन सेंटिमीटर झाले. तो ४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पसरला, तर क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस सेंटिमीटर. भागाकार केल्यावर जाडी येते सुमारे ०.०१६ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो! इतका पातळ थर काही क्षणांतच सुकणार, म्हणून हात चालवण्यास वेळ थोडाच मिळतो.

फूल

कारवी सह्याद्रीच्या उतारांवर वाढते आणि सात वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, झुडपेच्या झुडपे फुलतात. फूल घंटेसारखे, निळसर जांभळे आणि पाच पाकळ्यांचे. ते फुलले की मधमाश्यांची झुंबड उडते. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही. निळा आणि जंबुपार मात्र चांगला दिसतो.

प्रथम रंगहीन अल्कोहोलाचे दोन थेंब टाका. त्यांत निळ्या शाईचा एक व जांभळ्याचा एक थेंब सोडा. रिकामी मऊ प्लास्टिकची बाटली दाबून तिच्या तोंडातून येणाऱ्या हवेने शाई एका बाजूस ढकला. ही झाली पाकळी. तोंडाने फुंकू नका, कारण श्वासात बाष्प असते. त्याचे महत्त्व पुढे कळेलच. पाचही पाकळ्या अशा करा.

सुकल्यावर पाकळीची कड गडद झालेली दिसेल. ही कड तुम्ही काढलेली नाही. थराच्या कडेला बाष्पीभवन अधिक वेगाने होते, ती तूट भरून काढण्यास मधला द्रव कडेकडे वाहतो आणि सोबत रंजक घेऊन जातो. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद असते ती याच कारणाने. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याचे नीट स्पष्टीकरण दिले.

मधमाशी

माशी काढताना थेंब टाकायचा नाही. पिवळ्या शाईत कुंचल्याचे टोक बुडवून ते फडक्याला टिपा आणि मग लहानसा लांबट ठिपका द्या, हे पोट. त्यापुढे छाती आणि डोके. पूर्ण सुकू द्या. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने काळे पट्टे ओढा. काळ्यातील अल्कोहोल खालचा पिवळा थर किंचित विरघळवते, त्यामुळे पट्ट्याची कड जराशी विस्कटते आणि माशीच्या अंगावरील लवेचा भास होतो.

पंख रंगवायचे नाहीत, पुसून काढायचे. काडीवरील कापूस अल्कोहोलात बुडवून पिळा आणि निळ्या पार्श्वभूमीवर हलकेच फिरवा. रंग उचलला जाऊन पारदर्शक पंख उमटतात. पंख चार आणि पाय सहा, आणि हे सारे छातीलाच जोडलेले असतात. पुष्कळ मुले पाय पोटाला चिकटवतात. तुम्ही ती चूक करू नका.

जुलैत काय बिघडले?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका बशीत रंगीत पाण्याचा पातळ थर घ्या आणि मध्यभागी अल्कोहोलाचा थेंब सोडा. पाणी झटकन बाजूस सरते आणि मध्ये बशीचा तळ उघडा पडतो. जेथे पृष्ठताण अधिक, तिकडे द्रव ओढला जातो. जेम्स टॉमसन यांनी १८५५ साली याचे कारण सांगितले. पुढे इटलीतील कार्लो मारांगोनी यांनी त्याचा अभ्यास केला आणि या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले.

माशीच्या बाबतीत नेमके हेच घडत असावे, असा आम्ही तर्क केला. पाणी कोठून तरी शाईत येत होते आणि शाईला आपल्याकडे ओढत होते. पण ते येत होते कोठून? दोन वाटा संभवत होत्या. पहिली बाटलीतून. मेपासून अर्धवट झाकलेल्या बाटलीतील अल्कोहोलाने हवेतील बाष्प शोषले असेल. दुसरी वाट हवेतून. तापमापीच्या फुग्याला अल्कोहोलात भिजवलेला कापूस गुंडाळा, पारा काही अंश खाली येतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता तो थर स्वतःतून आणि शेजारच्या वस्तूंतून घेतो. जुलैत पोफळीची हवा बाष्पाने तुडुंब भरलेली असते. थर थोडा जरी थंड झाला, तरी तापमान दवबिंदूच्या खाली जाते आणि शाईवर सूक्ष्म दव जमते.

तर्क झाला, पण तो तपासल्याशिवाय त्यास किंमत नाही. आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रथम नवी बंद बाटली फोडली. पट्टे बरेच सुधारले, पण पांढुरके डाग राहिले. मग गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर फरशीची टाइल ठेवली आणि ती कोमट झाल्यावर तिच्यावर प्लास्टिक अंथरले. पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहिला आणि डाग गेले. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या होत्या! पाचव्या खेपेस माशी शाबूत राहिली.

सावधगिरी

आयसोप्रोपिल अल्कोहोलाची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या नेहमीच्या तापमानाला ते धोकादायकच. ही वाफ हवेच्या दुपटीहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून देवघरातील समई, शेगडी, उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघडून आणि घरातील मोठ्या माणसांना सांगूनच बसा. चित्र सुकवण्यास दिवा किंवा मेणबत्ती जवळ आणू नका. अल्कोहोल पोटात जाऊ देऊ नका.

जाता जाता एक काम देतो. चित्राचा एक तुकडा घेऊन त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. दोन्ही अर्धे ताडून पाहा. पुष्कळ रंजके उन्हात फिकी पडतात. कोणता रंग आधी गेला, ते तारीख घालून वहीत लिहा.

आणि चित्र बिघडले, तर "मला येत नाही" असे लगेच म्हणू नका. मेमध्ये काय होते आणि जुलैत काय बदलले, ते आधी विचारा. आमच्या शेजारणीने प्रदर्शनात चित्राशेजारी वाया गेलेली चारही चित्रे मांडली आणि प्रत्येकाखाली कारण लिहिले. लोक अधिक वेळ थांबले ते त्या चारांपुढेच.