रंगाच्या डब्याने पंखा साफ राहत नाही

पैसे गेले, डिझेल जळलं आणि वर ‘तुम्हालाच बोट सांभाळता येत नाही’ हेही ऐकून घ्यावं लागलं, म्हणून स्पष्ट सांगतो: बोटीच्या पंख्यावर बार्नेकलची कवचं धरतात ती रंग कमी पडला म्हणून नव्हे, बोट उभी राहिली म्हणून. गणेशपुरीसारख्या आतल्या गावात राहून वैतरणेच्या खाडीत बोट ठेवणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात घ्यावं, कारण अशी बोट चालते कमी, उभीच जास्त असते. बार्नेकलची पिल्लं पाण्यात तरंगत टेकायला जागा शोधतात, आणि न फिरणाऱ्या पंख्यावर ती त्यांना आयती मिळते. रोज मासेमारीला जाणाऱ्या होडीवर ती सहज टिकत नाहीत. रंग विकणारा हे बोलत नाही. तो बुडाला लावायचा तांब्याचा रंगच पंख्याला फासतो. पाती जोरात फिरली की कडांवरून तो रंग सुटतो, आणि दोष मात्र आपल्या माथी येतो.

यावर जाणकार म्हणवणारे विचारतात, पंखा ब्राँझचा, तांबं तर या जिवांना विष. मग वाढ होतेच कशी? याचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे. 1824 साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडायचा उपाय सुचवला. तांबं झिजायचं थांबलं, पण त्याबरोबर पाण्यात विरघळणारं विषही थांबलं, आणि जहाजांची बुडं शेवाळ-कवचांनी भरली. ती पद्धत सोडावी लागली. आपल्या शाफ्टवरचं झिंक, म्हणजे जस्ताचा तुकडा, नेमकं हेच करतं. पण म्हणून ‘झिंक काढून टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पंख्याच्या धातूतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं की पातं लालसर पडतं, ठिसूळ होतं आणि नवा पंखा घ्यावा लागतो. झिंक अर्धं झिजलं की बदला, आणि त्याला रंग चुकूनही लावू नका.

दुसरा आक्षेप पावसाळ्याचा: तानसा नदीचं गोडं पाणी खाडीत उतरलं की सगळं आपोआप मरतं. काही मरतं, पण बार्नेकल कवच मिटून बरेच दिवस तग धरतं, आणि मेलेल्याचा चुन्याचा थर पात्याला चिकटूनच राहतो. इंजिनाला त्रास त्या खडबडीत थराचाच असतो. फेरे पुरे मिळत नाहीत, काळा धूर येतो, डिझेल वाढतं. सिलिकॉनचा गुळगुळीत लेप चांगला, हे मान्य. पण त्याच्यावरची वाढ सुटते ती पंखा फिरल्यावर, म्हणजे मुद्दा पुन्हा बोट चालवण्यावरच येतो. दर आठवड्याला थोडी चालवा. कवचं कोवळी असतानाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, छिन्नीने नको. ओरखड्यांत पुढची वाढ घट्ट बसते. पाण्यात उतरण्याआधी इंजिनाची चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चालवणं जमणारच नसेल तर पंख्याला जाड प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, आतलं पाणी कुजतं आणि पिल्लं टिकत नाहीत. मात्र ‘पिशवी काढा’ अशी चिठ्ठी चावीलाच अडकवा.