आकडा सांगण्याआधी शंका ऐक

पोरी, संविधान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘आजोबा, भाषण लिहून द्या’ असा तुझा निरोप मिळाला. भाषण मी लिहून देणार नाही, ते तुझंच हवं. पण तीस वर्षं शाळेतल्या मुलांची तयारी करून घेताना आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून भाषणं ऐकताना जे हाती लागलं, ते तुझ्या कानावर घालतो.

मुलं विषय मिळाला की लगेच माहिती गोळा करायला धावतात. तू तसं करू नकोस. आधी स्वतःला विचार, समोर बसलेल्या माणसाच्या मनात या विषयाबद्दल कोणती शंका असेल? ती सापडली की कोणती माहिती शोधायची ते आपोआप कळतं. शंकाच ठाऊक नसेल, तर गोळा केलेली माहिती म्हणजे नुसतं ओझं.

याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना तुझ्याच विषयात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेब संविधान सभेत समारोपाचं बोलायला उभे राहिले, तेव्हा बाहेर कुरकुर होती की या सभेनं फार वेळ खाल्ला, जनतेचा पैसा उधळला. बाबासाहेब त्यावर चिडले नाहीत. त्यांनी दिनदर्शिका समोर ठेवली. सभा पहिल्यांदा भरली ९ डिसेंबर १९४६ ला. अधिवेशनं अकरा, कामाचे दिवस १६५, त्यातले ११४ मसुद्यावरच्या चर्चेत गेले. मग त्यांनी इतर देशांचा हिशेब मांडला. अमेरिकेनं चार महिन्यांत काम उरकलं, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. आणि लगेच कलमांची संख्याही सांगितली, कारण नुसता वेळ मोजणं न्याय्य झालं नसतं. अमेरिकेची मूळ राज्यघटना सात कलमांची, आपली ३९५ कलमांची. शिवाय आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आता सांग, ‘फार वेळ लागला’ म्हणणाऱ्यानं यावर काय बोलावं? अमेरिकेचे चार महिने खरं तर त्यांच्या विरोधात जाणारे होते, तरी ते त्यांनी लपवले नाहीत. आपल्याला अडचणीचा वाटणारा पुरावा आपणच आधी सांगावा, हे मी तिथून शिकलो.

त्याच भाषणात त्यांनी श्रेय वाटून दिलं. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांची नावं घेतली. सभागृहात सतत हरकती घेणाऱ्यांचीही नावं घेऊन त्यांनी चर्चेत जिवंतपणा आणला असं म्हटलं. त्यात आपले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. तुझ्या भाषणात पंजाबरावांचा उल्लेख जरूर कर. अमरावती जिल्ह्यातल्या श्रोत्याला आपलं माणूस त्या सभेत दिसलं की तो सावरून बसतो.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून बोलू नकोस. महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांचं समग्र लेखन आणि भाषणं छापली आहेत, त्यातल्या तेराव्या खंडात हे भाषण आहे. खंड इंग्रजीत आहे, अडलं तर तुझ्या मॅडमना विचार. मोबाइलवर फिरणारं, थोर माणसाचा फोटो लावलेलं वाक्य मात्र वापरू नकोस. पुस्तक आणि पान सापडलं तरच ते त्या माणसाचं.

पोस्टकार्डाएवढे कागद काप. एका कागदावर एकच गोष्ट लिही आणि खाली पुस्तक, पान, तारीख टाक. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर अवतरणचिन्ह तेव्हाच दे. चार दिवसांनी आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे आठवत नाही.

आकड्यांची एक गंमत तुला लवकरच दिसेल. घटना तयार व्हायला लागलेला काळ कुठे दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस असा छापलेला असतो, कुठे अठरा दिवस. पहिला दिवस धरायचा की नाही, यावर तो एक दिवस इकडेतिकडे होतो. बाबासाहेबांनी सतरा सांगितले. तू ‘बाबासाहेबांच्या हिशेबानं’ असं म्हणून तोच आकडा घे. आणि मोठा आकडा बोललीस की तो हातात धरता येईल असा कर. २,४७३ दुरुस्त्या ११४ दिवसांवर वाटून बघ, दिवसाला एकवीस-बावीस येतात. हे मागच्या रांगेतल्या माणसालाही समजतं.

तारखांची हयगय नको. तरुणपणी एका गावात प्रजासत्ताक दिनी मी ठणकावून सांगितलं की आजच्या दिवशी घटना स्वीकारली गेली. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त तलाठी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘गुरुजी, स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. २६ जानेवारीला अंमल सुरू झाला.’ चारचौघांत बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या दिवशी मी बाकी जे खरं बोललो होतो, त्यावर त्यांनी किती विश्वास ठेवला असेल, हा विचार मला अजून टोचतो.

वीस कागद जमले की त्यातले तीन-चारच ठेव. पाच मिनिटांत साडेपाचशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. घटनेची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी ती सजवली, हे तुला सांगावंसं वाटेल. माहिती सुंदर आहे. पण ‘इतका वेळ का लागला?’ या शंकेला तिचा टेकू लागत नसेल, तर ती बाजूला ठेव. हे फार जड जातं, मला ठाऊक आहे.

शनिवारी ग्रंथालयात जाऊन ये. रविवारी कागद घेऊन माझ्याकडे ये, आपण अंगणात पसरून बघू. तोवर भाषणाची एक ओळही लिहू नकोस.